मेळघाट व्याघ्र प्रकल्प (१९७४–२०२४) : उत्तर कोकणातून पाहिलेली पन्नास वर्षे

महाराष्ट्रातील पहिला व्याघ्र प्रकल्प म्हणून २२ फेब्रुवारी १९७४ रोजी स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व धारणी हे तालुके आणि लगतच्या अकोला व बुलढाणा जिल्ह्यांचा सातपुड्याकडील भाग यांत पसरलेल्या या प्रकल्पाचा इतिहास पालघर, बोईसर आणि तारापूर येथील वाचकाला प्रथमदर्शनी दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एके काळी वाघ उत्तर कोकणातही होता, तेथून तो नाहीसा झाला आणि मेळघाटात मात्र टिकला. या दोन भूभागांच्या दैवात हा फरक का पडला, याचे उत्तर बऱ्याच अंशी या प्रकल्पाच्या इतिहासात सापडते, आणि म्हणूनच प्रस्तुत लेखात मेळघाटाची वाटचाल सांगताना अधूनमधून पालघरकडे वळून पाहिले आहे.

पूर्वपीठिका : १८६६ ते १९७२

मेळघाटातील जंगलाला सरकारी संरक्षण लाभले ते वाघासाठी नव्हे, तर सागासाठी. १८६६–६७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने बैरागड आणि गुगामल येथील वने राखीव केली. राखीव वन म्हणजे ज्यात तोड, चराई आणि शेती यांवर सरकारचे पूर्ण नियंत्रण असते असे वन. इमारती लाकूड सातत्याने मिळावे हा त्यामागील हेतू होता. तोडीसाठी मजूर हाताशी असावेत म्हणून वनखात्याने जंगलात ‘वनग्रामे’ वसवली आणि त्यांत मुख्यतः कोरकू कुटुंबे राहू लागली. पुढे ज्या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला, त्यांतील काहींचा उगम खात्याच्याच गरजेत होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती येथे नोंदवणे इतिहासलेखकाचे कर्तव्य ठरते.

उत्तर कोकणाची स्थिती निराळी होती. १८६४ मध्ये मुंबई–गुजरात लोहमार्ग पूर्ण झाला आणि पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यातील जंगल थेट बाजाराला जोडले गेले. साग, खैर आणि कोळसा यांना मागणी वाढली, आणि त्यातच वाघ मारणाऱ्यास सरकारी बक्षीस देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात रूढ होती. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात वाघाची नोंद जिल्ह्यातील वन्य प्राणी म्हणून आढळते, परंतु पुढील शतकात या भागातून वाघ ओसरत गेला. या काळात उत्तर कोकणातील एक मोठे जंगल मात्र बऱ्यापैकी राखले गेले, ते तानसा धरणाच्या पाणलोटातील. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी मुंबईला जात असल्यामुळे भोवतीची झाडी जपणे भाग होते. मेळघाटचे जंगल सागाने वाचवले आणि तानसाचे पाण्याने, असे म्हटले तर वावगे होणार नाही. वाघाचा विचार तेव्हा दोन्हीकडे कोणाच्या मनात नव्हता.

वाघासंबंधीची जाणीव मात्र लोकांच्या श्रद्धेत या सगळ्याच्या फार आधीपासून होती. पालघर जिल्ह्यातील वारली आणि अन्य आदिवासी समाज वाघोबाला पुजतात. गावाच्या वेशीवर किंवा रानाच्या कडेला लाकडी फळीवर वा दगडावर कोरलेला वाघ, त्याच्या सोबत चंद्र-सूर्य, आणि दिवाळीच्या सुमारास वाघबारसेला त्याच्यापुढे दिला जाणारा नैवेद्य, अशी ही परंपरा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने नोंदवली गेली. या भागात आज वावर बिबट्याचा आहे, तरी पूजा वाघोबाच्याच नावाने चालते. मेळघाटातील कोरकू समाजही वाघाला ‘कुला मामा’ म्हणून मान देतो. शेकडो किलोमीटर अंतरावरील, निराळ्या भाषा बोलणाऱ्या या दोन समाजांनी वाघाला शत्रू न मानता नात्यात बसवले, ही गोष्ट संरक्षणाच्या अधिकृत इतिहासात फारशी येत नाही. ती यायला हवी.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बिघडतच गेली. शिकारीचे परवाने, कातड्यांचा व्यापार आणि शेतीसाठी होणारी जंगलतोड यांमुळे वाघ झपाट्याने घटला. कायद्याची स्थितीही विखुरलेली होती. मुंबई राज्यात १९५१ चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा लागू होता. मेळघाट मात्र १९५६ पर्यंत तत्कालीन मध्य प्रदेशात मोडत होता. ठाणे आणि मेळघाट हे दोन्ही प्रदेश एका राज्याच्या नकाशावर आले ते प्रथम द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात.

१९६९ हे वर्ष या कथेतील वळणाचे ठरले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीजपुरवठा सुरू झाला, आणि त्याच हिवाळ्यात नवी दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची दहावी महासभा भरली. या महासभेने वाघाच्या शिकारीवर बंदीची मागणी केली आणि पुढील वर्षी देशात तशी बंदी आली. १९७२ मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला. त्याच वर्षीच्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ आढळले. त्यानंतर डॉ. करण सिंग यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने व्याघ्र प्रकल्पाची योजना मांडली, आणि १ एप्रिल १९७३ रोजी कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात तिचा प्रारंभ झाला. कैलाश सांखला हे योजनेचे पहिले संचालक होते. निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून एकच नाव होते, ते मेळघाटचे.

पहिले दशक : १९७४ ते १९८४

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना स्थापन झालेल्या या प्रकल्पाचे आरंभीचे क्षेत्र सुमारे १,५७१ चौरस किलोमीटर होते. गाविलगडच्या डोंगररांगा, खोल दऱ्या आणि खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या नद्यांची खोरी असा हा दुर्गम मुलूख आहे. या पाचही नद्या पुढे तापीला मिळतात. पावसाळ्यात रस्ते तुटत, उन्हाळ्यात पाणवठे आटत. अशा ठिकाणी कामाचा पहिला भाग होता तो संचालनाचा: लाकडाच्या उत्पन्नासाठी उभारलेली यंत्रणा वन्य जिवांच्या रक्षणाकडे वळवणे. तोडीच्या आराखड्यांवर वाढलेल्या खात्याला एखादे झाड उभे ठेवणे हेही काम आहे असे पटवून द्यावे लागले. या काळात अधिकाऱ्यांमध्ये आणि खात्याच्या शाखांमध्ये मतांतरे झाली. पण ती कालांतराने निवळली व कामाला दिशा मिळाली.

योजनेचा पाया ‘गाभा’ आणि ‘बफर’ या विभागणीवर होता. गाभा क्षेत्र म्हणजे जेथे तोड, चराई व अन्य मानवी उपयोग थांबवायचा असा मधला भाग, आणि बफर म्हणजे त्याभोवतीचा असा पट्टा जेथे लोकांचे व्यवहार चालू राहतात, परंतु वन्य प्राण्यांचा वावर ध्यानात घेऊन.

या दशकातील खरा भार वनरक्षक आणि वनमजूर यांनी उचलला. वनरक्षकाच्या ताब्यात एक नियतक्षेत्र असते. त्याची पायी गस्त, पाणवठ्यांची निगा, चोरट्या तोडीवर नजर आणि वणव्याशी झुंज या सर्व कामांची जबाबदारी त्या एका माणसावर असते. हिवाळा सरत आला की जाळरेषांचे काम सुरू होई: ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापायचे, ते वाळू द्यायचे, आणि वारा पडलेला असताना हिरव्या फांद्यांचे झोडपे हाती घेऊन दोन्ही कडांना माणसे उभी करून तो पट्टा मुद्दाम जाळायचा, म्हणजे पुढे उन्हाळ्यात लागलेला वणवा तेथे येऊन थांबतो. हे काम आजही असेच चालते. प्रकल्पाच्या अहवालांत त्याची नोंद किलोमीटरच्या आकड्यात उरते. ज्यांनी ते केले त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोरकू व गवळी मजुरांची नावे कोठेही नाहीत.

वाघ मोजण्याची त्या काळातील पद्धत पाऊलखुणांवर आधारलेली होती. सरोज राज चौधरी यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत वाघाच्या मागील पायाच्या ठशावर काच ठेवून त्याची बाह्यरेषा उतरवली जाई किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेतला जाई, आणि ठशांच्या तुलनेवरून वेगवेगळे वाघ ओळखले जात. या गणनांनुसार मेळघाटात १९७२ मध्ये २७ वाघ होते आणि १९८४ मध्ये ८०. वाढ निश्चित झाली असली पाहिजे. मात्र हे आकडे जसेच्या तसे स्वीकारणे आता कठीण आहे, कारण ठसा मातीच्या पोतानुसार बदलतो आणि एकाच वाघाची दोनदा नोंद होणे त्या पद्धतीत अगदी शक्य होते.

दुसरे दशक : १९८४ ते १९९४

या दशकात कायद्याची चौकट पक्की झाली. व्याघ्र प्रकल्प ही प्रारंभी शासनाची योजना होती. तिच्या क्षेत्राला कायद्याने स्वतंत्र दर्जा नव्हता. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य घोषित झाले आणि १९८७ मध्ये त्याच्या अंतर्भागातील ३६१.२८ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. अभयारण्यात काही हक्क नियंत्रित स्वरूपात चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात ते उरत नाहीत.

याच वर्षांत मेळघाट हे नाव राज्यभर पोचले ते कुपोषणामुळे. १९९० च्या दशकातील बालमृत्यूंनी सर्वांना हादरवले. या संकटाची कारणे आरोग्यसेवा, रोजगार आणि दळणवळण यांच्या अभावात होती. तरीही जंगलावरील निर्बंध आणि जगण्याचे पर्याय यांचा संबंध प्रकल्पाला यापुढे टाळता येणार नव्हता. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांनाही अशाच दुःखातून जावे लागले, म्हणून येथील वाचकाला हा भाग अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरे दशक : १९९४ ते २००४

१९९७ मध्ये नरनाळा, वान आणि अंबाबरवा या अभयारण्यांची भर पडून संरक्षणाचा पट्टा अकोला व बुलढाणा जिल्ह्यांकडे सरकला. त्याच वर्षी खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा हा घुबडवर्गीय पक्षी ११३ वर्षांनंतर पुन्हा दिसला. पुढे मेळघाट हे त्याचे एक महत्त्वाचे आश्रयस्थान असल्याचे सिद्ध झाले. वाघासाठी राखलेल्या जंगलात नामशेष मानलेला पक्षी सापडावा, यातून संरक्षणाचा लाभ एका प्राण्यापुरता राहत नाही हे दिसून आले. २०१४ मध्ये हाच रानपिंगळा तानसा अभयारण्यात आढळला आणि मेळघाट व उत्तर कोकण यांच्यात एक अनपेक्षित धागा जुळला.

या दशकातील सर्वांत दूरगामी पाऊल पुनर्वसनाचे होते. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बोरी, कोहा आणि कुंड ही गाभ्यातील गावे जंगलाबाहेर नेण्यात आली. ग्रामसभा, महसूल खाते, वनखाते आणि स्वयंसेवी संस्था या सर्वांना हा अनुभव नवा होता.

याच काळात उत्तर कोकणात काय घडत होते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. तानसा १९७० मध्ये, म्हणजे मेळघाट प्रकल्पाच्याही आधी, अभयारण्य झाले होते. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे जंगल वसईच्या खाडीपलीकडील नागला भागामार्फत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशी जोडले जाते. दोन्ही अभयारण्ये मोलाची आहेत; परंतु ती घोषित होईपर्यंत तेथील वाघ नाहीसा झालेला होता. मेळघाटात संरक्षण आले तेव्हा वाघ शिल्लक होते. संरक्षणाच्या इतिहासात या कालक्रमाचे महत्त्व क्षेत्रफळाहून किंवा निधीहून अधिक आहे, असे पालघर आणि मेळघाट यांच्या तुलनेवरून म्हणावे लागते.

चौथे दशक : २००४ ते २०१४

राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले आणि देशभरातील व्याघ्र प्रकल्पांची फेरतपासणी सुरू झाली. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाचा अहवाल, २००६ मधील कायदादुरुस्ती, तीतून निर्माण झालेले राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा यांनी सगळी चौकट नव्याने बांधली. पाऊलखुणांची गणना मागे पडून स्वयंचलित कॅमेऱ्यांची पद्धत आली. या पद्धतीत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे वेगळे असतात आणि त्याच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. एकाच बाजूचे छायाचित्र मिळाले तर ओळख अपुरी राहते. २००६ मध्ये देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला, तर महाराष्ट्रात १०३. आधीच्या गणनेत देशाचा आकडा ३,६४२ होता. त्यातील घट किती वाघांची आणि किती मोजणीतील सुधारणेची, हे कोणालाही नेमके वेगळे करता आलेले नाही.

मेळघाटच्या दृष्टीने या दशकात सीमा नव्याने ठरल्या. डिसेंबर २००७ मध्ये १,५००.४९ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘संकटग्रस्त व्याघ्र अधिवास’ म्हणजेच गाभा क्षेत्र म्हणून अधिसूचित झाले, आणि २०१० मध्ये १,२६८.०३ चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र त्याला जोडले गेले. अशा रीतीने एकूण क्षेत्र २,७६८.५२ चौरस किलोमीटर झाले. २००८ पासून स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना दहा लाख रुपयांचे साहाय्य लागू झाले (पुढे ते पंधरा लाख करण्यात आले) आणि अमोणा, नागरतास, बारूखेडा, धारगड, वैराट अशी गावे टप्प्याटप्प्याने बाहेर आली.

गाव उठल्यानंतरचे काम कमी चर्चेत येते, पण ते फार कष्टाचे आहे. रिकाम्या शेतांवर आधी तरोटा आणि रानतुळस माजते, ज्याला हरीण तोंड लावत नाही. हे तण फुलोऱ्यापूर्वी उपटावे लागते, लागोपाठ काही पावसाळे उपटावे लागते, आणि मग मारवेल, पवना, शेडा यांसारख्या गोड गवतांना जागा मिळते. गवत आले की सांबर व रानगवा येतो आणि त्यांच्यामागून वाघ.

२०१३ मध्ये संघटित टोळ्यांनी केलेली वाघांची शिकार उघडकीस आली. त्यानंतर प्रकल्पाने गुन्हे-तपासासाठी स्वतंत्र कक्ष उभारला, दूरध्वनी नोंदींच्या विश्लेषणापासून न्यायालयातील पाठपुराव्यापर्यंत त्याचे काम विस्तारले आणि आरोपींना शिक्षाही झाल्या. अन्य राज्यांतील वनखात्यांनाही या कक्षाच्या अनुभवाचा उपयोग झाला.

पाचवे दशक : २०१४ ते २०२४

या दशकाच्या प्रारंभी राज्यात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प झाले. राज्यातील वाघांचा अंदाज २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ असा वाढत गेला. पर्यटकांची ओढ ताडोब्याकडे राहिली. मेळघाटातील दाट, चढउताराच्या जंगलात वाघ सहज दिसत नाही. या कारणाने मेळघाटला काहीसे दुय्यम लेखले जाते, ते न्याय्य नाही. वाघाचे दर्शन किती सुलभ आहे यावरून जंगलाची प्रत ठरत नसते.

पुनर्वसनाचे काम या दशकातही चालू राहिले. २०१७ ते २०१९ या काळात काही पुनर्वसित गावांतील कुटुंबे जमीन व सुविधांच्या तक्रारींवरून जंगलात परतली आणि तणावाचे प्रसंग उद्‌भवले. प्रशासन, लोकप्रतिनिधी आणि ग्रामस्थ यांच्या चर्चेतून मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले. अकोला–खंडवा लोहमार्ग रुंद करताना तो वान अभयारण्यातून न नेता बाहेरून न्यावा, ही मागणीही याच वर्षांत जोराने पुढे आली.

आजच्या कामाचे स्वरूप पाहता, वनरक्षकाच्या हाती काठीबरोबर मोबाइल आला आहे. गस्तीचा मार्ग, दिसलेले प्राणी आणि आढळलेले फासे यांची नोंद जागेवरच होते. संरक्षण कुट्यांवर दोन-तीन माणसे पाळीने मुक्काम करतात. स्थानिक तरुण विशेष व्याघ्र संरक्षण दलात, निसर्ग मार्गदर्शक म्हणून, आणि कोलकास व सेमाडोह येथील पर्यटन व्यवस्थेत काम करतात. अलीकडच्या वर्षांत महिला वनरक्षकांची संख्या लक्षणीय वाढली असून दुर्गम नियतक्षेत्रांची जबाबदारी त्या सांभाळत आहेत.

२०१४ मध्ये स्वतंत्र झालेल्या पालघर जिल्ह्यात या अनुभवाचा उपयोग वाघ परत आणण्यासाठी होईल असे मानण्यास आधार नाही. तेथील प्रश्न बिबट्याचा आणि संचारमार्गांचा, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याच्या प्राण्यांच्या वाटांचा आहे. मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग, समर्पित मालवाहू लोहमार्ग आणि बुलेट ट्रेन हे तिन्ही मार्ग या अरुंद जिल्ह्याला उत्तर-दक्षिण चिरत जातात, तर प्राण्यांची ये-जा अनेक ठिकाणी त्यांना आडवी आहे. मेळघाटाने गावे, गवत आणि गस्त यांच्या बाबतीत जे पन्नास वर्षांत शिकून घेतले, त्यातील गस्तीची शिस्त, स्थानिकांना रोजगारात घेण्याची रीत आणि रस्ते-लोहमार्गांच्या आखणीवेळीच हरकत नोंदवण्याची तत्परता, एवढ्या गोष्टी तानसा व तुंगारेश्वरच्या व्यवस्थापनाला थेट लागू पडतात. सूर्या नदीच्या धरणावर बोईसर-तारापूरचे कारखाने व वस्त्या अवलंबून आहेत आणि त्या धरणाचे पाणलोट जंगलातच आहे. त्यामुळे या विषयात औद्योगिक वसाहतीचा सहभाग मागणे ही केवळ उदारतेची अपेक्षा ठरत नाही.